मास्तरांची डबल बेल

मास्तरांनी माझ्या शेंगोळ्यांच्या गाडीसमोर पहिल्यांदा डबल बेल मारली त्या दिवशी मी त्यांना इतक्या शिव्या घातल्या, की शेजारच्या वडापाववाल्यानं कढईखालचा गॅस बारीक करून त्या ऐकल्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खड्या आवाजात. पण मास्तर तोवर पंधरा माणसं घेऊन कोपऱ्यावरून वळलेसुद्धा होते. चौतीस वर्षं एसटीत काढलेला माणूस. रस्त्यावर हात करत राहिलेल्यांकडं मागं वळून बघायची त्यांना सवयच नव्हती.

आमच्या भागात एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि नगरच्या या गल्ल्यांत मास्तर म्हटलं की हा एकच माणूस. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, नाहीतर देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. यांनी शनिवार-रविवारी संध्याकाळी परगावच्या लोकांना गाड्या-गाड्यांवर हिंडवून खायला घालायची फेरी काढली. श्रीरामपूरला दिलेली त्यांची लेक मोबाईलवर नावं घ्यायची आणि बरोबर सहाला मास्तर माळीवाड्याच्या स्टँडबाहेर उभे. अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट. हातात लाकडी पट्टीवर ठोकलेली घंटी, भंगारात निघालेल्या कुठल्यातरी गाडीची. खिशात तिकीट पंच करायचा चिमटा. प्रत्येकाला ते जाड कागदाचं तिकीट द्यायचे, त्यावर चहापासून कुल्फीपर्यंत सात टप्पे छापलेले. एका गाडीवर खाऊन झालं की तिकिटाला एक भोक. भोक न पाडता पुढं सरकलेला माणूस विनातिकीट. त्याला ते खरोखर मागच्या गाडीवर परत पाठवायचे, मग तो इंजिनियर असो नाहीतर डॉक्टर.

माणसाचं नाव त्यांच्या डोक्यात राहायचं नाही, थांबा राहायचा. मी 'खर्डा'. खरं तर माझं माहेर खर्ड्याच्या अलीकडं तीन किलोमीटरवर. तसं मी सांगितलंही. "तिथं गाडी थांबत न्हाई," म्हणाले, आणि माझं गाव नकाशावरून पुसून मोकळे झाले. चहावाला 'बेलापूर'. पाहुण्यांनाही तोच न्याय. "पुणं, पुढं सरका. ठाणं, दारात उभं राहू नका, उतरनाऱ्याला जागा द्या." दार कुठलं, तर भेळेच्या गाडीचं तोंड. लोकांना मौज वाटायची. पण हसत-हसत का होईना, लोक ओळीत उभे राहायचे.

एकदा कुणा पुढाऱ्याचा पीए फेरीला येणार होता. सहा वाजून एक मिनिट झालं, साहेबांचा पत्ता नाही. मास्तरांनी डबल बेल मारली आणि निघाले. सहा वाजून पाच मिनिटांनी तो पीए धापा टाकत चहाच्या गाडीवर पोचला आणि म्हणाला, "अहो, फोन तरी करायचा!" मास्तरांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "गाडी फोन करती व्हय? पुढची शनिवारी हाय." आणि त्याला चहासुद्धा मिळाला नाही. बेलापूरवाला बिचारा कप हातात धरून तसाच उभा. मास्तरांच्या देखत द्यायची त्याची छाती झाली नाही.

पण मास्तरांची खरी जरब होती ती पहिल्या घासाची. गाडीपाशी आलं की ते एक बेल मारायचे. सगळे थांबायचे. मग गाडीवाल्यानं एक ताटली मास्तरांना द्यायची. ताटली ते आधी नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि असा लांब श्वास घ्यायचे की खाकी शर्टाची बटणं ताणली जायची. मग एकच घास. मग पंधरा माणसं, गाडीवाला, बाजूचे गाडीवाले, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत. जमलं असेल तर "उतरा, धा मिनटं." नसेल तर काही बोलायचे नाहीत. डबल बेल, आणि सगळी वरात पुढं. कारण विचारलं तर सांगायचे नाहीत. "आपलं काय चुकलं ते आपल्याला म्हाईत असतंय," एवढंच.

एकाच गाडीला दुसऱ्यांदा डबल बेल झाली की तो टप्पा कायमचा बंद. यात मास्तर सख्ख्याचं ऐकत नव्हते. कचोरीची पहिली गाडी त्यांच्या साडूची होती. साडूनं दोनदा कालचं तेल वापरलं. दुसऱ्या डबल बेलनंतर तिकिटावरून कचोरीचा टप्पा खोडला गेला आणि मास्तरांच्या घरात चांगला महिनाभर अबोला झाला. काकू त्यांना ताट वाढायच्या आणि भिंतीकडं बघून बोलायच्या. मास्तर भिंतीलाच उत्तर द्यायचे. पण साडूची कचोरी परत आली नाही ती नाहीच.

माझी गाडी त्यांच्या फेरीत आली त्याची गोष्ट सांगते. आमचे मालक एमआयडीसीत कामाला होते. मोटरसायकलवरून पडले आणि उजवा खांदा गेला, हात खांद्याच्या वर जाईना. काम सुटलं. मला येत होते ते शेंगोळे. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून मळायचं, हातावर लांब वळ्या करून पिळायच्या आणि शेंगदाण्याच्या कुटाच्या तिखट रश्श्यात शिजवायच्या. आमच्या जामखेडच्या बाजूला थंडीत घरोघरी हेच. पण ते गाडीवर विकायचे म्हटल्यावर सगळी गल्ली हसली. "घरचं खायला कोन रस्त्यावर येतंय?" खरंच कुणी येईना. शेजारी वडापावला रांग आणि मी पातेल्यावर झाकण ठेवून माशा हाकलत उभी. पंधरा दिवस असे गेले. सोळाव्या दिवशी हा खाकी शर्टवाला म्हातारा एकटाच आला, ताटली नाकाशी नेली आणि डोळे मिटून म्हणाला,

"कूट उखळात कांडलाय का?"

"मिक्सरमधे," मी म्हणाले. उखळ कुठून आणू मी भाड्याच्या खोलीत?

"खोटं बोलली न्हाई," असं ते माझ्याशी नाही, ताटलीशी बोलले. मग सगळी ताटली चाटून-पुसून खाल्ली. "शनवारी पंधरा मानसं आनतो. तयारीत राहा, खर्डा."

तिथून आमचं घर उभं राहिलं. पंधरा माणसं गाडीभोवती उभी राहून फुर्र-फुर्र करत रस्सा पिताना दिसली की नगरचेही लोक थांबायला लागले. आठवड्यातले पाच दिवस मी त्या दोन संध्याकाळींच्या जोरावर काढायची. मास्तरांचा टप्पा गेला तर परत माशा हाकलायच्या, हे मला आणि मालकांना न बोलता ठाऊक होतं.

आणि तरी मी माती खाल्ली. एका शनिवारी सगळीच्या सगळी माणसं पुण्याची येणार होती. मालक म्हणाले, "पुण्याच्या लोकांना तिखट सोसत न्हाई, त्यांना गोडसर लागतं." मला पटलं. मिरची निम्मी केली, लसूण निम्मा केला आणि रश्श्यात गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा टाकला. वर कोथिंबिरीचा बगिचा. मास्तरांनी ताटली नाकाशी नेली तेव्हाच त्यांची एक भुवई वर गेली. घास घेतला. माझ्याकडं बघितलं. आणि डबल बेल.

सोमवारी ते एकटे आले तेव्हा मी भांडायला तयारच होते. "मास्तर, पाव्हण्यांसाठीच केलं ना मी? त्यांना आवडावं म्हणून!"

"पुन्यात गूळ मिळत न्हाई व्हय?"

"मिळतो की."

"मग ती एवढ्या लांबनं गूळ खायला आली व्हती का? ती तुझ्याकडं आल्ती, खर्डा. तू घरी नव्हती."

मी पळी पातेल्यात आपटली. असला राग आला होता. जाताना म्हणाले, "एक झाली. दुसरी झाली की टप्पा बंद. आपल्याकडं पास न्हाई चालत कुनाचा."

मग ती साथ आली. गाड्या बंद, एसटी बंद, मास्तर बंद. त्यांनाही होऊन गेली, चांगली जोरात. सगळं परत सुरू झालं तेव्हा मास्तरांचा शर्ट त्यांना दोन बोटं मोठा व्हायला लागला होता. पण इस्त्री तीच, घंटी तीच, ताटली नाकाशी नेऊन तो लांब श्वासही तोच. फरक एवढाच, की डबल बेल म्हणून वाजेना. आठवडा गेला, महिना गेला, सातही टप्पे दर फेरीला पास. कुल्फीवाला गल्लीत सांगत सुटला, "मास्तर मऊ झालं आता. काय बी द्या, चालतंय." त्याची कुल्फीही हळूहळू मऊ व्हायला लागली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. डोक्यावरची टांगती तलवार कुणाला आवडते?

पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. मला सर्दी झाली होती, नाक असं गच्च की तोंडानं श्वास घ्यावा लागत होता. सासूबाईंनी गावाकडून कुटाचा डबा पाठवला होता. तो घट्ट झाकणाचा डबा किती दिवस कुठं दमटात पडला होता देव जाणे. मी घाईत त्यातलाच कूट रश्श्यात घातला. चाखूनही बघितलं. मीठ बरोबर, तिखट बरोबर. सहाची फेरी सातला माझ्याकडं आली. एक बेल. मास्तरांनी ताटली नाकाशी नेली, डोळे मिटले, श्वास घेतला, घास घेतला.

"उतरा. धा मिनटं."

मी भराभर ताटल्या भरल्या. पुढं एक कॉलेजातली मुलगी उभी होती. तिनं पहिला घोट घेतला आणि तिचं तोंड कसनुसं झालं. गिळावं की थुंकावं असं. तिच्या आईनं घेतला, तिचंही तेच. पण कुणी बोलेना. मास्तरांनी पास केलंय म्हटल्यावर, नगरची चवच अशी असेल असं समजून बिचारे गिळायला लागले. मी मालकांच्या हातात पळी दिली. त्यांनी चाखलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, खवट हाय. लई खवट. वास तर बघ."

वास! मला कुठला वास यायला, माझं नाक गच्च होतं. आणि मग माझ्या अंगावर काटा आला. माझं नाक गच्च होतं म्हणून मला कळलं नाही. मग मास्तरांना का नाही कळलं?

मी त्यांच्याकडं बघितलं. ते तिकिटं पंच करत होते, नेहमीसारखे. आणि पलीकडं कुल्फीवाला वडापाववाल्याला कोपरानं ढोसत होता. त्यानंही त्या मुलीचं तोंड बघितलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं होतं. आता एकानं जरी मोठ्यानं म्हटलं असतं ना, की मास्तर, खवट आहे, तर त्या माणसाकडं काय उरलं असतं? खाकी शर्ट आणि भंगारातली घंटी. सगळ्या गल्लीनं त्यांना खेळणं केलं असतं.

माझ्याकडं विचार करायला वेळ नव्हता. तसा मी फार विचार करतही नाही. गाडीच्या पुढं आले, मास्तरांच्या हातातली घंटी हिसकली आणि डबल बेल मारली. इतक्या जोरात, की पट्टीचा खिळा ढिला झाला.

"ठेवा खाली सगळ्यांनी ताटल्या!" मी ओरडले. "कूट खवट झालाय माझा. मास्तरांनी मघाशीच डोळ्यानं खुणावलं मला, मीच बाई हट्टानं वाढलं. दुसरी डबल बेल झाली. खर्ड्याचा टप्पा बंद!"

मालकांनी डोक्याला हात लावला. जो हात वर जात होता तो. कुल्फीवाल्याचं हसू जागच्या जागी विरलं. मास्तर माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांना सगळं कळलं, माझी शपथ. मला काय कळलंय, तेही कळलं. त्यांनी माझ्या हातातून घंटी घेतली. खिशातलं पेन काढलं आणि पंधराच्या पंधरा तिकिटांवरचे शेंगोळे एकेक करून खोडले. मग म्हणाले, "चला, पुढं सरका."

त्या रात्री मालक न जेवताच झोपले. मीच स्वतःच्या हातानं घराचं दार लावून घेतलं होतं. पण पस्तावा झाला का म्हणाल, तर नाही झाला. रडू मात्र भरपूर आलं.

सोमवारी मास्तर आले. मी मनात म्हटलं, आता म्हणतील, जाऊ दे खर्डा, तुझी एक बेल माफ. कसलं काय! गाडीपाशी उभे राहिले आणि म्हणाले,

"टप्पा बंद म्हंजे बंद. ते मला फिरवता यायचं न्हाई."

"मी मागितलंय का?" माझाही पारा चढला.

"न्हाई मागितलं," ते म्हणाले. "त्या आजारात वास गेला गं. जिभेला खारट-गोड कळतंय, पर वास न्हाई. घरात गॅस उघडा राहिला तरी कळत न्हाई. हिला बी सांगितलं न्हाई मी. वाटलं, येईल. आज येईल, उद्या येईल. डोळं मिटून उभा राहतो तवा नुसता आठवत असतो, आधी कसा यायचा ते."

मी पदरानं नाक पुसलं. सर्दी होतीच, तिच्यावर ढकललं.

"फेरी बंद करतो म्हनलं," मास्तर पुढं म्हणाले. "मग म्हनलं, कंडक्टरचं डोळं गेलं म्हनून गाडी डेपोत लावत्यात का? दुसरा कंडक्टर देत्यात. शनवारी सहाला स्टँडवर ये. उशीर झाला तर गाडी थांबनार न्हाई."

"आणि माझी गाडी?"

"तुझ्या मालकाला डाव्या हातानं पळी धरता येती का न्हाई?"

येत होती. आणि अशी मी मास्तरांच्या फेरीत शिरले, गाडीवाली म्हणून नव्हे, तर पहिला घास खाणारी म्हणून. मास्तर आता ताटली नाकाशी नेऊन माझ्या हातात द्यायचे. मी वास घ्यायची, घास घ्यायची. मग ते विचारायचे, "काय?" मी मान हलवायची, उभी नाहीतर आडवी. आणि तेवढ्यावर, मागं-पुढं न बघता, त्यांचा हात घंटीवर जायचा. पहिल्याच शनिवारी कुल्फीला डबल बेल बसली. त्याला दुसरी खायची वेळ आली नाही, पुढच्या शनिवारपासून दूध आटवायला लागला. गाडीवाले मला टरकायला लागले. भजीवाली तर एकदा कानात म्हणाली, "ताई, संबाळून घ्या." मी म्हटलं, "मी माझी गाडी संबाळून घेतली न्हाई, तुझी काय घेऊ?"

फेरी संपली की लोक मला विचारायचे, तुमची गाडी कुठं? मी बोट दाखवायची. ते आपल्या पायांनी जाऊन शेंगोळे खायचे. मास्तर तेव्हा रस्त्याच्या पलीकडं पाठ करून उभे. टप्पा बंद होता ना. त्या माणसानं त्यानंतर माझ्या गाडीवर घोटभर रस्सा घेतला नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही की घ्या म्हणून.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. लेक म्हणाली, आता श्रीरामपूरला चला. काकू तयार, मास्तर नाइलाजानं तयार. शेवटची फेरी झाली, घंटी माझ्या हवाली झाली. जायचं होतं मंगळवारी दुपारच्या गाडीनं. सोमवारी निरोप आला, "उद्या जाता-जाता खर्ड्याकडं येतो. फेरी संपली, आता मी पॅसेंजर. पॅसेंजरनं कुठं बी खावं."

मंगळवारी सकाळपासून माझे हात जाग्यावर नव्हते. लसूण ताजा सोलला, कूट त्याच सकाळी केला. पातेलं चढवलं आणि त्यांना सोबत द्यायची पिठाची पिशवी बांधायला बसले. तिथंच माझं डोकं कुठंतरी गेलं. कशात गेलं ते सांगत नाही. परत आले तेव्हा रश्श्याला बुडाशी लागलं होतं. जास्त नाही, जरासं. दिसायला झक्क, लालभडक तवंग. तेवढ्यात मास्तर आणि काकू बॅगा घेऊन समोर हजर. गाडीला वीस मिनिटं.

मालकांनी ताटली भरून त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. सवय. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

"काय, खर्डा?"

मागून मालक मान उभी हलवून-हलवून मला खुणावत होते, हो म्हण, हो म्हण. मास्तरांना काय कळणार होतं? कधीच कळलं नसतं. म्हातारा माणूस, गाव सोडून चाललेला, किती वर्षांनी माझ्या हातचं खायला आलेला. माझ्या जिभेवर 'झकास' आलंच होतं.

"करपलंय, मास्तर," मी म्हणाले.

मास्तरांनी एकदा मान हलवली. ताटली गाडीच्या कडेला ठेवली, एक थेंब न सांडता.

"मग नको," म्हणाले, बॅग उचलली आणि काकूंना म्हणाले, "चला, पुढं सरका."

ते स्टँडकडं वळेपर्यंत मी बघत राहिले. इतकी लाज आणि इतका अभिमान मला एका वेळी कधी वाटला नव्हता. डोळे पदरानं पुसले, पातेलं उचललं, सगळं ओतून टाकलं, बूड घासलं आणि नवं आधण ठेवलं.